घासून पुसून लख्ख

बेलो होरिझोन्ते
६ मार्च २०१७

प्रिय दाल्वा,

तुझं पत्र मिळालं. तीन पानांतली अडीच पानं गाईंच्या खुरांवर आणि मुलीबद्दल चार ओळी. त्या चार ओळींचा शेवटही 'देव पावला' असा. तुझी लिदियाने पोर्तुगालला जाणार, तिथं पोर्तो शहरात कुणा म्हातारीचं हागणंमुतणं काढणार, आणि तू लिहितेस देव पावला! सत्तावीस वर्षांची मुलगी. दुग्धशाळेचं शिक्षण घेतलेली. दोन वर्षांपूर्वी आपण होऊन डोंगरात परतली, तुझ्या हाताखाली चीज करायला शिकली. ती आता परक्या बाईची मोरी धुणार म्हणून तू संत अंतोनियोला मेणबत्ती लावलीस.

हे दुखणं तुझं एकटीचं नाही, म्हणून जास्त रागावत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला आपण 'डबे उलटवणारा' म्हणतो, आणि ब्राझीलच्या माणसाला त्या कुत्र्याचा स्वभाव जडला आहे, हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे. कुणी हाड म्हणायच्या आत आपलं शेपूट पायात. आमच्या इमारतीचा पहारेकरी वाल्देसीर घे. तीन वर्षांपूर्वी विश्वचषकात जर्मनांनी आपल्याला सात-एक हरवलं, ते त्याच्या अंगातून अजून उतरलेलं नाही. परवा लिफ्ट बंद पडली तर म्हणतो, "दोना ओदेत, रोज एक नवा सात-एक!" मी म्हटलं, अरे, लिफ्ट परदेशी बनावटीची आहे. तर म्हणतो, "मग बसवली आपल्या माणसांनी असणार." भाजीवाल्याला आंबा कसा विचारला तर सांगतो, "बाई, परदेशी पाठवायच्या प्रतीचा." म्हणजे जो चांगला तो आपला नव्हे. मग इतकी वर्षं आपण काय खातो आहोत?

चाळीस वर्षं मी मुलींना फ्रेंच शिकवलं. कधी कुणापुढे वाकले नाही. तू मात्र मुलीला वाकायला पाठवते आहेस आणि वर तिच्यासाठी सूटकेस शोधते आहेस.

तिला सांग, मला भेटल्याशिवाय कुठलंही तिकीट काढायचं नाही. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, ओनोफ्रे, हर्नियाच्या टाक्यांना जप, दुधाची भांडी उचलू नकोस.

तुझी बहीण,
ओदेत

*

ग्रोता फ्रिया
१९ मार्च

प्रिय ओदेत,

तुझ्या पत्रानं मला रडू आलं आणि ओनोफ्रेला हसू. तो म्हणतो, "तुझ्या बहिणीनं कुत्र्याचं लिहिलंय, ते आपल्या लॉर्डला वाचून दाखव." लॉर्ड म्हणजे आमचा कुत्रा. काल त्यानं शेजाऱ्यांचा डबा उलटा केला.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर पुन्हा म्हणशील गाईंचंच लिहिते. ओनोफ्रेचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे दवाखान्याच्या फेऱ्यांत होतो. मागच्या खोलीतली चीजची एक फळी विसरली. तीन महिने तिच्यावरचं चीज कुणी उलटवलं नाही, धुतलं नाही, किसणीनं साल घासली नाही. मी गेले तर ओदेत, काय सांगू! चीजला केस आले होते. पांढरे, मधेमधे राखाडी, म्हाताऱ्या मांजरासारखे. मला इतकी लाज वाटली की पुढचं दार लावून घेतलं. डुकरांना घालायला टोपलीत भरलं होतं. तेवढ्यात लिदियाने आली. तिनं एक कापलं. उभ्या उभ्या खाल्लं. मग खाली बसून खाल्लं. मला म्हणाली, "आई, तोंड उघड." मी म्हटलं, तुझं पोट बिघडेल, माझं कशाला? पण खाल्लं. खोटं कशाला बोलू, बरं लागलं. पण मला तर माझ्या हातचं सगळंच बरं लागतं.

तिनं त्यातली चार साओ पावलोला एका दुकानदाराकडे नेली. आपलं चीज कच्च्या दुधाचं, राज्याबाहेर न्यायची परवानगी नाही, म्हणून पिशवीत वर पेरूच्या वड्या ठेवल्या. त्या दुकानात एक फ्रेंच जोडपं आलं होतं. त्यांचा तिकडे चीजचाच व्यापार. त्यांनी ते खाल्लं आणि विचारलं, हे कुठल्या घरचं? आता ते मे महिन्यात इथं येणार आहेत! माझ्या घरी! लिदियाने म्हणते, त्यांनी घ्यायचं ठरवलं तर मी पोर्तोला जाणार नाही, इथंच राहीन, मागची खोली वाढवीन.

मला झोप नाही. त्यांना बसवू कशावर? संडासाचं दार नीट लागत नाही. खोलीला वास येतो. मी त्यांच्याशी बोलू काय? तू ये. फ्रेंच आमच्यापैकी एकट्या तुला येतं. आणि काय काय करायचं ते लिहून पाठव, म्हणजे तुझ्यापुढं तरी मान खाली घालावी लागणार नाही.

तुझी,
दाल्वा

*

बेलो होरिझोन्ते
२८ मार्च

प्रिय दाल्वा,

येते. नऊ मेच्या बसनं. आता नीट वाच.

'माफ करा, घर साधंच आहे' हे वाक्य एकदाही उच्चारायचं नाही. ते लोक आपल्याकडे येत आहेत, आपण त्यांच्या दारात गेलेलो नाही. ओनोफ्रेनं टोपी काढून हातात चुरगाळत उभं राहायचं नाही. संडासाचं दार सुताराकडून दुरुस्त करून घे. पत्र्याचे पेले आत ठेव, मी चिनी मातीचे आणते. कॉफीही मीच आणीन. एका मैत्रिणीनं दिलेला इटलीचा डबा आहे, तो अजून फोडलेला नाही. तुझी फडक्यातून गाळलेली कॉफी आपल्या आपल्यात ठीक आहे.

स्वच्छतेबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. ते युरोपातले लोक आहेत. दारात शेण नको, माश्या नकोत, कसलाही कुबट वास नको. बुरशीबिरशी समोर दिसता कामा नये. आपण घाणेरडे लोक आहोत असं ते मनात धरूनच येणार. तसं म्हणायची संधीच द्यायची नाही. मान ताठ ठेवायची ती अशी.

लॉर्डला बांधून ठेव.

ओदेत

*

ग्रोता फ्रिया
१६ एप्रिल, ईस्टर

प्रिय ओदेत,

दार दुरुस्त झालं. माश्यांसाठी जाळी आणली. भिंतीला चुना दिला, ओनोफ्रेनं लॉर्डलाही थोडा दिला.

पाहुण्यांना आणायला लिदियाने स्वतः विमानतळावर जाणार आहे, दोन दिवस घरी नसेल. तू मात्र आदल्या दिवशीच पोचशील ना? मागच्या खोलीत तिनं आता चार फळ्या तशाच ठेवल्यात, विसरलेल्या फळीसारख्या. रोज जाऊन बघते. पाळण्यातल्या मुलाकडे बघतात तसं. किल्ली जाताना मला देणार आहे.

तू सांगितलंस तसं सगळं करीन. मान ताठ ठेवायचं मात्र जमेलसं वाटत नाही. इतकी वर्षं गाईच्या आचळाकडे बघून ती खालीच राहिलीय.

दाल्वा

*

बेलो होरिझोन्ते
२९ मे

प्रिय दाल्वा,

सुखरूप पोचले. गुडघा दुखतो आहे. बसमध्ये एक माणूस सारा वेळ मोबाइलवर भाषण ऐकत होता, त्यात कुणीतरी ओरडून सांगत होता की या देशाचं काही होणार नाही. तिकीट काढून ते ऐकायचं!

पाहुण्यांची भेट चांगली झाली असंच मी म्हणेन. ते कमी बोलले, हे त्यांच्या सभ्यतेचं लक्षण. म्युरिएलबाईंचा नवरा यान फळ्यांजवळ वाकून बराच वेळ हुंगत होता. तुझी चीजं अगदी पिवळीधमक दिसत होती, तुपानं पुसल्यासारखी. म्युरिएलबाईंनी स्वच्छतेचं कौतुक केलं, ते मी तुला तिथंच सांगितलं. जेवताना त्यांनी काळा घेवडा दोनदा घेतला. इटलीची कॉफी पिऊन ओनोफ्रे जे बोलला ते मी सुदैवानं भाषांतरित केलं नाही. "ही आपलीच दिसते. फिरून फिरून दमून आलीय." ते बोलायची गरज नव्हती.

ते कळवतील. अशा लोकांचा निर्णय सावकाश होतो. लिदियाने निरोप घेताना माझ्याशी नीट बोलली नाही. थकली असेल. तिला म्हणावं, धीर धर.

पेले तिथंच राहिले, वापर. एक फुटला असला तरी सांगू नकोस.

ओदेत

*

ग्रोता फ्रिया
१८ जून

प्रिय ओदेत,

पेले आहेत सगळे. थंडी पडलीय, गवत पहाटे पांढरं असतं, दूध कमी झालंय.

पाहुण्यांचं काही कळलं नाही. लिदियानेनं तिकीट काढलं. दोन सप्टेंबर. मला जेवताना सांगितलं, भात वाढ म्हणतात तसं. मी म्हटलं, "बरं." ओनोफ्रे म्हणाला, "तुझं तू बघ, पोरी." मग तिनं ताट धुतलं आणि धार काढायला गेली. काम सगळं करते. पण माझ्याशी बोलते ती वासराशी बोलावं तसं. हो. नाही. सरक.

एक विचारू का? रागावू नकोस. मागच्या खोलीत ती बाई तुला काय म्हणाली? ओनोफ्रे सारखं तेच काढतो. तो म्हणतो, "बाई येवढं लांबलचक बोलली, दोन्ही हात हलवून बोलली, आणि ओदेतनं आपल्याला सांगितलं, 'फार स्वच्छ आहे म्हणते.' फ्रेंच भाषेत स्वच्छ म्हणायला येवढा वेळ लागत असेल तर ते लोक अंघोळ कधी करतात?" मी त्याला गप्प केलं. पण मलाही दिसत होतं. बाईचा चेहरा लग्नघरी येऊन नवरी नाही कळल्यासारखा झाला होता. आणि लिदियाने दारात उभी होती. तिला फ्रेंच येत नाही. तरी तिनं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि निघून गेली.

ती खरंच स्वच्छच म्हणाली का?

दाल्वा

*

बेलो होरिझोन्ते
२ जुलै

दाल्वा,

नाही. ती तसं म्हणाली नाही.

ती म्हणाली, "आम्ही खाल्लेली चीजं कुठं आहेत? केसाळ, राखाडी सालीची?" ती म्हणाली की ती साल म्हणजे या खोलीची हवा, इथलं लाकूड, इथला डोंगर, आणि तीच बघायला आम्ही समुद्र ओलांडून आलो. घासलेलं चीज आम्हाला जगात कुठंही मिळतं. मी उत्तर दिलं, "मादाम, तो एक अपघात होता. आमच्या घरात असलं काही ठेवत नाहीत. आम्ही स्वच्छ लोक आहोत." तिनं विचारलं, एखादं तरी उरलंय का, अगदी छोटं? मी म्हटलं, सगळी फेकून दिली. मग तुझ्याकडे वळून तुला ते कौतुकाचं सांगितलं.

ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. तिच्या बुटांना चिखल होता. केस विंचरलेले नव्हते. आणि तिच्यासमोर मी, ओदेत, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी उभी होते. माझ्या मनात एकच होतं, की हिला इथली बुरशी दिसू नये. माझं फ्रेंच त्या दिवशी फार शुद्ध होतं. एक चूक झाली नाही. ते आठवलं की आता उबग येतो.

घासायला मीच सांगितलं. पत्रात लिहिलेलं आहे, नाकारून चालणार नाही. तू नेहमीसारखं ऐकलंस. लिदियानेला सांग की आईवर राग धरू नकोस, हे सगळं मावशीनं केलं. इतरांना कुत्र्याचा स्वभाव म्हणून हिणवत फिरणाऱ्या मावशीनं. हवं तर हे पत्रच तिला वाचायला दे.

थकले आहे. इथं पाऊस नाही, धूळ आहे.

ओदेत

*

ग्रोता फ्रिया
२३ जुलै

प्रिय ओदेत,

तुझं पत्र मी तिला दिलं नाही. कारण ते खरं नाही. म्हणजे तुझ्या बाजूचं खरं आहे. माझ्या बाजूचं तुला माहीत नाही.

तू लिहिलं होतंस, समोर दिसता कामा नये. मागची खोली समोर कुठं असते? तिला कुलूप होतं. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती. आणि जाताना लिदियानेनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "आई, काही झालं तरी त्या फळ्यांना हात लावू नकोस. मावशीनं सांगितलं तरी नाही. त्या लोकांना तेच बघायचंय. कबूल?" मी म्हटलं, कबूल.

सकाळी ती गेली. तू दुपारच्या बसनं यायची होतीस. मी फक्त बघायला म्हणून आत गेले. आणि बघत बसले. छान आली होती गं, मऊ, एकसारखी. मला वाटलं, हे त्यांना आवडणार. घेणार ते. पोरगी राहणार. पहाटे चारला उठणार, थंडीत बोटं फुटणार, माझ्यासारखी पाठ वाकणार, पन्नाशीत तिला कुणी विचारलं काय करतेस तर म्हणणार, काही नाही, चीज करते. मी तसंच म्हणते. जनगणनेचा माणूस आला तेव्हाही तसंच म्हटलं. त्यानं 'काही नाही' असं लिहून घेतलं.

मग मी बादली आणली. ब्रश आणला, किसणी आणली. पहिलं घासताना रडत होते. नंतर काम म्हणून केलं, रोजचंच तर आहे. तू आलीस तेव्हा मी चुलीशी होते, तू म्हणालीस, "वा, घर कसं लख्ख!" तुला वाटलं मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. मला वाटलं, बरं झालं, मावशीनं सांगितलं म्हणून केलं असं म्हणता येईल. आणि खरंच तसं म्हटलं मी तिला. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे.

ओदेत, आपल्या घरात जी गेली ती शहाणी झाली. तू गेलीस, शिकलीस, तुला लोक मानानं दोना ओदेत म्हणतात. जी राहिली तिला कुणी विचारलं नाही. मग माझ्या पोटच्या पोरीला मी 'राहा' कसं म्हणू? उरलंसुरलं ताटात वाढून पाहुण्याला 'जेव' म्हणण्यासारखं ते. तिच्यापुढं ठेवायला माझ्याकडे आहे काय?

लाजेनं केलं की मायेनं केलं, मला सांगता येणार नाही. दोन्हीचा हात एकच होता.

दाल्वा

*

ग्रोता फ्रिया
६ ऑगस्ट

ओदेत मावशी,

आशीर्वाद द्या.

आईनं काल मला सगळं सांगितलं, गोठ्यात, गाईच्या पलीकडून, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये अशी उभी राहून. तुमच्याबद्दलही सांगितलं. तेव्हा आता तुम्ही एकमेकींना वाचवत बसू नका.

मला तुमचा राग आला होता, तो आता नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगते. यान आणि म्युरिएलला मी परत विमानतळावर सोडायला गेले, तेव्हा वाटेत ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाले की फळ्या तशाच आहेत, लाकूड तेच आहे, बुरशी पुन्हा धरेल. आम्ही पुढच्या वर्षी येऊ. म्हणजे ते हो म्हणाले आहेत. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, "बघ, फ्रान्सचे लोक हो म्हणतात, मग राहा." बाबांनी टोपी काढून मला शाबासकी दिली असती. तुम्ही तुमच्या मैत्रिणींना फोन केले असते. मग मी कुणाच्या सांगण्यावरून राहिले असते? म्हणून तिकीट काढलं. आधी मीच म्हणत होते की त्यांनी घेतलं तर राहीन. हे म्हणताना मलाही कळलं नव्हतं की मीही तेच करतेय.

तुम्ही मला मार्चपासून दोनदा लिहिलंत. देश, स्वाभिमान, शेपूट, सगळं लिहिलंत. मावशी, मला देशाचं काही कळत नाही. मी दोन वर्षांपूर्वी या घरात परत आले तेव्हा गावात सगळ्यांनी आईला विचारलं, "काय गं, तिकडे जमलं नाही का पोरीला?" आणि आई म्हणाली, "थोडे दिवस आलीय." दोन वर्षं ती सगळ्यांना हेच सांगते. मला तिनं कधी जा म्हटलं नाही. पण राहा असंही कधी म्हटलं नाही. आता ती माझ्या कोटाला आतून कप्पा शिवतेय, पासपोर्टसाठी. इतका सुंदर कप्पा शिवतेय की बघवत नाही.

मी गेले तर पैसे मिळतील, जग दिसेल, त्यात वाईट काही नाही. अर्ध्या गावाची मुलं तिकडेच आहेत. मला फक्त इतकंच वाटतं, जिथून जातेय तिथं कुणाला मी हवी होते, हे कळून जावं.

तुमची धर्मकन्या,
लिदियाने

*

बेलो होरिझोन्ते
१४ ऑगस्ट

दाल्वा,

हे पत्र आखूड आहे, कारण सांगायचं एकच आहे.

तिला राहा म्हण.

फ्रेंच लोक काय म्हणाले, सरकार काय म्हणतं, गाव काय म्हणेल, मी काय म्हणते, ते सगळं सोड. तुझ्यापाशी काय आहे आणि काय नाही, तेही मोजू नकोस. तुला ती घरात हवी आहे ना? मग तेवढं बोल. ती राहील असं मी म्हणत नाही. ऐकून ती जाईलही. तो तिचा प्रश्न. विचारणं हा तुझा. आई आपल्याला 'राहा' असं कधीच म्हणाली नाही. मी शहरात जायला निघाले तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "बरं झालं, एकीची तरी सुटका झाली." मी ते सत्तर वर्षांची होईपर्यंत आशीर्वाद समजत होते.

हे पत्र मिळाल्यावर मला उत्तर लिहायला बसू नकोस. आधी तिच्याकडे जा.

ओदेत

*

ग्रोता फ्रिया
५ सप्टेंबर

प्रिय ओदेत,

गेली.

तुझं पत्र बावीसला मिळालं. त्या दिवशी बोलणार होते. मग म्हटलं उद्या. चुलीपाशी बोलावं तर ओनोफ्रे असायचा, गोठ्यात बोलावं तर ती गाणं म्हणत असायची आणि मला वाटायचं, आनंदात आहे, कशाला मोडता घालू. कप्पा शिवून झाला, सूटकेस भरून झाली. शेजारीण येऊन म्हणाली, "नशीबवान गं तू दाल्वा, पोरगी युरोपला." मी म्हटलं, "हो." जीभ आपोआप हो म्हणते.

बसथांब्यावर आम्ही तिघंच होतो. ओनोफ्रे तिची सूटकेस बसच्या पोटात नीट बसली की नाही ते वाकून बघत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता. तिनं आशीर्वाद मागितला. मी म्हटलं, "देव तुला सुखी ठेवो." ती पायरीवर चढली. आणि मी तिचा कोट मागून धरला. लहान मुलं धरतात तसा. म्हटलं, "लिदियाने, जाऊ नकोस. राहा. मला तू इथं हवी आहेस." येवढ्या मोठ्यानं बोलले की ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला.

ती वळली. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. म्हणाली, "आई, आत्ता?"

मी म्हटलं, "मला उशिराच सुचतं."

ती खाली उतरली, मला मिठी मारली, घट्ट, माझी पाठ दुखेपर्यंत. कानाशी म्हणाली, "मला हे मार्चमध्ये ऐकायचं होतं." मग ड्रायव्हर म्हणाला, "बाई, माणसांना पुढची गाडी गाठून द्यायचीय." आणि ती चढली. आत बसली. माणसं सरकली, तिला खिडकी मिळाली. ओनोफ्रेनं टोपी काढून हलवली.

गाडी निघताना ती काचेपलीकडून काहीतरी बोलली. खिडकी त्या नव्या बसची, उघडत नाही. तोंड हलताना दिसलं, चार-पाच शब्द असतील, वर हातानं काहीतरी दाखवलं. ओनोफ्रे म्हणाला, "येते म्हणाली, वर्षाच्या आत." मग म्हणाला, "नाहीतर पोचल्यावर फोन करते म्हणाली असेल." घरी येईपर्यंत त्यानं तिच्या तोंडी पाच वाक्यं घातली.

मी एकही घातलं नाही. आजवर तिच्या मनातलं मीच ठरवत आले. हे वाक्य तिचं आहे. ती सांगेल तेव्हा ऐकेन.

दाल्वा